शून्य लिहिणारे काका

आमचे घरमालक माणसाला आधी त्याचा आकडा विचारत आणि मग नाव. कुणी पुण्याहून नुकताच उतरलेला मुलगा असो, नाहीतर मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला आलेली कुणाची नवी सून असो, नोकरी लागली आहे एवढं कळलं की काका चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "किती लिहिलंत?"

नव्या माणसाला काही उमजत नसे. जुने मात्र हातातली बशी घेऊन हळूच दुसऱ्या कोपऱ्यात सरकत. अमेरिकेत नोकरीच्या पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून द्यावा लागतो. आपल्यावर किती माणसं अवलंबून आहेत ते मोजून त्यात एक आकडा लिहायचा. आकडा मोठा असला की पगारातून कर कमी कापतात, लहान असला की जास्त. वर्षाअखेरी सगळा हिशेब होतोच. जास्त गेलेले परत येतात, कमी गेलेले भरावे लागतात. काकांना बायको होती, कॉलेजात जाणारी दोन मुलं होती, घराचं कर्ज होतं. त्यांना चार-पाच सहज लिहिता आले असते. ते शून्य लिहीत. गेली कित्येक वर्षं शून्य. सनीव्हेलपासून सांता क्लारापर्यंत त्यांना सगळे शून्यकाका म्हणत, अर्थात पाठीमागे.

"म्हणजे तुम्ही सरकारला बिनव्याजी कर्ज देता, काका," असं एकदा कुणीतरी तोंडावर म्हणालं होतं.

"देतो," काका म्हणाले. "झोप लागते."

तेही काही खरं नव्हतं. काकांना झोप लागत नसे, हे माझ्या खोलीची आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच असल्यामुळे मला चांगलं ठाऊक होतं.

गृहस्थ काही साधासुधा नव्हता. साठच्या दशकात आलेला, डॉक्टरेट मिळवलेला, चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिथल्या मीटिंगमध्ये ते वरिष्ठांना तोंडावर वेड्यात काढतात, असं त्यांच्या हाताखाली काम करणारे सांगत. पण दारातल्या टपालपेटीत सरकारी पाकीट दिसलं की हाच माणूस ते विंचू धरावा तसं चिमटीत धरून आत आणी. पाकीट शनिवारी आलं तर ते उघडायचं नाही, असा घरचा नियम होता. उघडलं आणि आत काही भलतंसलतं निघालं, तर सोमवारपर्यंत फोन कुणाला करणार? मग ते पाकीट दोन दिवस देवांपुढे पडून राही.

"गणपतीला इन्कम टॅक्समधलं काय कळतंय?" काकू विचारत.

"कळू नये म्हणूनच बंद ठेवलंय," काका म्हणत.

सोमवारी ते उघडलं की त्यातून बहुतेक वेळा गावच्या लायब्ररीच्या बदललेल्या वेळा निघत. काका तरीही तो कागद उलटसुलट करून वाचत आणि जपून ठेवत.

एप्रिलमध्ये कराचे कागद पाठवायचे असत, तेव्हा ते रस्त्यावरच्या पेटीत टाकत नसत. पोस्टात जाऊन, रांगेत उभं राहून, खिडकीतल्या माणसाच्या हातात देत. दुसऱ्या दिवशी परत तिथं जात.

"गेलं ना?"

"कालच गेलं, सर."

"जाताना पाहिलंत तुम्ही?"

तो बिचारा दरवर्षी पाहिलं म्हणायचा. शून्य लिहीत असल्यामुळे उन्हाळ्यात सरकारकडून घसघशीत चेक परत येई. त्याची वाट काकू वर्षभर पाहत. एका वर्षी त्यांना स्वयंपाकघराच्या फरशा बदलायच्या होत्या, एका वर्षी भावाच्या मुलीच्या लग्नाला जायचं होतं. काका तो चेक बँकेत भरत आणि हात लावू देत नसत. "परत मागितले तर?" हे त्यांचं उत्तर. काकू कपाळाला हात लावत, पण चिडलेल्या मी त्यांना क्वचितच पाहिलं. "ह्यांचं ऐकत बसशील तर पाणी प्यायच्या आधी पावती मागशील," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवलं होतं.

गॅरेजला लागून असलेली खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती. मी नुकतीच एम.एस. झाले होते आणि सांता क्लाराच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. व्हिसा विद्यार्थ्याचाच, शिक्षणानंतर वर्षभर काम करायची मुभा, तेवढीच. ते वर्ष संपायच्या आत कंपनी माझ्यासाठी एच-वनचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, अर्ज करणार होती. तो मंजूर झाला तर मी राहणार, नाही झाला तर बॅग भरून सांगलीला परत. घरी बाबा शिक्षकीतून निवृत्त झालेले, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. परत जाणं मला परवडणारं नव्हतं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी तो फॉर्म नवा निघाला होता आणि चार पानांचा झाला होता. इथं जन्मलेली माणसंही त्याला शिव्या घालत होती, तिथं माझा काय पाड? ऑफिसातल्या मुलीनं माझा गोंधळ पाहून सोपं करून सांगितलं, "तुझ्यावर किती जण अवलंबून आहेत, मोज. स्वतःलाही धर." हे मला लगेच जमलं. आई, बाबा, आजी, भाऊ आणि मी. पाच. मी ठसठशीत पाच लिहिला आणि खाली सही केली. काकांनी तेव्हा आकडा विचारला होता, पण जुन्या मंडळींसारखी मीही बशी घेऊन सरकले होते. या प्रश्नाला घरी पैसे पाठवणाऱ्या मुलीनं दुसरं काय उत्तर द्यायचं असतं, ते मला आजही कळत नाही.

पगाराच्या शुक्रवारी काकांकडे नव्या मंडळींचं जेवण असे. जेवायच्या आधी प्रत्येकानं आपली पगाराची चिठ्ठी काकांपुढे ठेवायची आणि काकांनी ती पत्रिकेसारखी वाचायची. नजर घसरू नये म्हणून ते प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी धरत. वरचा आकडा आपला नाही, खालचाही पूर्ण आपला नाही, खरा पगार मधल्या कापाकापीत असतो, असं त्यांचं सांगणं. पोरांना ते कंटाळवाणं वाटे; काकूंच्या मसालेभातासाठी ती सोसत. माझ्या पहिल्या पूर्ण पगाराच्या शुक्रवारी नेमकं दुसरं कुणी आलं नव्हतं. काकांचं सगळं लक्ष माझ्या वाट्याला आलं.

दुसऱ्याच ओळीला ते उभे राहिले. "सोशल सिक्युरिटी कापलीच नाही!"

म्हातारपणच्या पेन्शनसाठीची ती कपात विद्यार्थी-व्हिसावर असेपर्यंत करत नाहीत, हे सांगणारं युनिव्हर्सिटीचं पत्रक माझ्याकडे होतं. मी ते आणून दिलं. काकांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ते बरोबर होतं, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं. "बरं. आज नाही कापली," म्हणत ते बसले आणि पट्टी खाली सरकवली. मग पट्टी थांबली.

"फेडरल कर एवढाच? किती लिहिलंत तुम्ही?"

"पाच."

"लग्न झालंय तुमचं?"

"नाही, काका."

"मग पाच कोण?"

मी सांगितले. काकू तूप वाढता वाढता थांबल्या.

"ही माणसं राहतात कुठं?"

"सांगलीला."

"मग ती नाहीत," काका म्हणाले.

"नाहीत म्हणजे?"

"या फॉर्ममध्ये नाहीत. माणसं इथली लागतात. नाहीतर कॅनडा, मेक्सिकोतली. सांगलीतली चालत नाहीत. सहीच्या वर काय छापलंय ते वाचलंत का? खोटं लिहिलं तर शपथेवर खोटं बोलल्याचा गुन्हा. आणि तुमचा एच-वनचा अर्ज जायचाय ना अजून?"

मसालेभात तसाच राहिला. काकू म्हणाल्या, "अहो, जेवू तर द्या तिला." पण काकांना ताट समोर आहे हेही आठवत नव्हतं. खोटं आणि गुन्हा हे दोन शब्द माझ्या डोक्यात शिरले ते निघेनात. मी आयुष्यात कधी कॉपी केली नव्हती, बसचं तिकीट चुकवलं नव्हतं. आणि आता परक्या देशात, ऑफिसातल्या कुठल्याशा कपाटात, माझ्या सहीचा एक खोटा कागद पडून होता.

शनिवारी काका सारखे माझ्या दारावर टकटक करत होते. "पासपोर्ट कुठं ठेवलाय?" मी दाखवला. थोड्या वेळानं, "कंपनीचे वकील कोण आहेत?" मला माहीत नव्हतं. मग, "ऑफिसातल्या त्या मुलीनं तोंडी सांगितलं का लेखी?" तोंडी. "अरेरे," म्हणून ते गेले आणि बागेला पाणी घालत उभे राहिले. एकाच झाडाला घालत होते, ते काकूंनी खिडकीतून ओरडून सांगितलं.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा गाण्याचा कार्यक्रम होता. घरी बसून करायचं काय, म्हणून गेले. माझ्याबरोबर शिकलेला एक नागपूरचा मुलगा भेटला. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"त्यात काय यार! मी तर आठ लिहिलेत," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये बघू. शून्यकाकांचं ऐकून टेन्शन घेऊ नकोस."

"पण एच-वन?"

"म्हणून तर सांगतो, गप्प बस. आत्ता आपण होऊन गेलीस तर उगाच अटेन्शन ड्रॉ होईल. कोण तपासतंय? फाईल कपाटात पडलीय, पडू दे."

हेही पटलं. तेच तर वाईट होतं. दोन्ही पटत होतं. सांगावं तर नजरेत येईन, न सांगावं तर कधीतरी कुणीतरी ते कपाट उघडेल. गाणारी बाई काय गायली, ते मला विचारू नका. परतताना मागं पोलिसांची गाडी आली, तर मैत्रिणीच्या गाडीत मागच्या सीटवर मी अंग चोरून बसले. ती गाडी पुढं निघून गेली तरी मी सरळ बसले नाही.

रविवारी दुपारी काकांनी निकाल दिला. "उद्या जायचं. आपण होऊन सांगायचं. ते विचारायला आले आणि मग सांगितलं, की त्याच गोष्टीचा अर्थ वेगळा होतो."

"आणि माझ्या एच-वनचं काय होईल, काका?"

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले.

इतक्या दिवसांत मी सर्वांत जास्त घाबरले ती या वाक्याला. ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीतला धोका आधीच ठाऊक असे, त्याला या बाबतीत माहीत नव्हतं.

सोमवारी काकांनी रजा घेतली. माझ्यासाठी! काकू म्हणाल्या, मुलांच्या शाळेच्या समारंभांनाही कधी घेतली नव्हती. नागरिकत्वाची शपथ घ्यायला शिवलेला सूट त्यांनी अंगात चढवला. पोटाशी त्याचं बटण लागत नव्हतं. ब्रीफकेसमध्ये एका ओळखीच्या वकिलाचा फोन नंबर, माझ्या पासपोर्टच्या प्रती आणि दहीभाताचा डबा होता. डबा कशाला म्हणून मी विचारलं.

"किती वेळ बसवून ठेवतील, काय सांगावं," काका म्हणाले.

कंपनीच्या आवारात त्यांनी गाडी रस्त्याकडे तोंड करून लावली. "मी इथंच आहे. कितीही वेळ लागू दे."

पगाराचं काम बघणाऱ्या बाई पन्नाशीच्या, गळ्यात साखळीला चष्मा अडकवलेल्या. मी रात्री घोकलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं: माझ्याकडून फॉर्ममध्ये चुकीची माहिती लिहिली गेली आहे, हेतू वाईट नव्हता, होईल ती कारवाई मला मान्य आहे. बाईंनी कपाटातून फॉर्म काढला, चष्मा लावला, आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"कोण हे पाच?"

मी सांगितले. त्या हसायला लागल्या.

"अगं हनी, गेल्या आठवड्यात एकानं कुत्रा धरला होता. तू निदान माणसं तरी धरलीस!"

"माझा व्हिसा..."

"त्याचा याच्याशी काय संबंध? हा कागद इथंच फाईलमध्ये राहतो. नवा भरून दे. पुढच्या चेकपासून थोडं जास्त कापू आणि एप्रिलमध्ये थोडा फरक भरशील. तुला एकच लिहिता येतो. स्वतःपुरता."

मी एक लिहिला. बाईंनी जुन्या फॉर्मवर लाल पेननं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली आणि "छान दिवस जावो" म्हणाल्या. एवढंच. ज्यापायी तीन रात्रींची झोप गेली होती, ते काम चहा गार व्हायच्या आत संपलं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. जिना उतरताना डोळे भरून यायला लागले आणि गाडीत बसेपर्यंत मी हुंदके देत होते.

काका पांढरेफटक पडले. "काढलं? नोकरीवरून काढलं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग?"

"आईबाबांना काढलं," मी म्हणाले. "मी स्वतः काढलं, काका. पाचाचं एक केलं."

काकांनी चावी फिरवायला घातलेला हात मागं घेतला. मग बोलायला लागले, ते माझ्याकडे न बघताच.

"ओहायोत पहिली नोकरी लागली, तेव्हा मी आईला धरलं होतं. अमरावतीला एकटीच होती. वडील मी लहान असतानाच गेले. दोन वर्षं धरलं. मग कर खात्याकडून बोलावणं आलं. आईला पैसे पाठवायचो त्या बँकेच्या ड्राफ्टच्या सगळ्या पावत्या मी घेऊन गेलो. साहेब चांगला होता, कॉफी दिली त्यानं. म्हणाला, तुझी आई तुझ्यावर अवलंबून आहे याबद्दल मला शंका नाही, पण कायद्याच्या दृष्टीनं ती तुझ्यावर अवलंबून नाही. तसं लिहून दे. मी दिलं. सही केली. फरक भरला, वर थोडं व्याज भरलं. काही झालं नाही. कुणी वाईट शब्द बोललं नाही."

"मग बरंच झालं की."

"तिथवर बरंच झालं. मग मी घरी येऊन आईला पत्र लिहिलं. जे झालं ते सगळं लिहिलं. लपवायचं काय त्यात? तुझं नाव इथल्या सरकारनं काढायला लावलं, पण पैसे येत राहतील, काळजी करू नकोस." काकांनी चावी काढून मांडीवर ठेवली. "पुढचा ड्राफ्ट तिनं परत पाठवला. त्याच्या पुढचाही. माझ्यापायी तुला तिकडच्या सरकारपुढं मान खाली घालायला नको, असं शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. मी किती समजावलं. पत्रं लिहिली, मामांना मध्ये घातलं. तिच्या डोक्यातून ते गेलं नाही. शेवटपर्यंत लोकांचे कपडे शिवत राहिली."

हसत आले होते त्यांच्या शून्याला सगळे, मीसुद्धा.

"आपण कुणाला लिहिलं की कधीतरी खोडायची पाळी येते," काका म्हणाले. "मग मी कुणाला लिहीतच नाही. हिला नाही, मुलांना नाही. हिला वाटतं मी सरकारला घाबरतो."

एक गाडी आमच्या शेजारी येऊन लागली. तिच्यातून उतरलेल्या माणसानं सुटातल्या काकांकडे आणि डोळे पुसणाऱ्या माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं निघून गेला.

"तू घरी काही कळवलं नाहीस ना?" काकांनी एकदम विचारलं.

"काढल्याचं नाही. पण पाच लिहिल्याचं मागंच कळवलं होतं. बाबांचं उत्तर आलंय."

"काय म्हणतात?"

पत्र पर्समध्येच होतं. मी ते काढून वाचलं. आपल्या पाचही जणांची अमेरिकेच्या सरकारात नोंद झाल्याचं बाबांनी वाचनालयात आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं. शेवटी लिहिलं होतं, आजी विचारते आहे, की मी म्हातारी, कानानं बहिरी, मलासुद्धा मोजलंय का, ते पोरीला नीट विचार.

काकांनी चष्मा काढला आणि सुटाच्या टोकानं पुसत बसले. पुसून झाला तरी डोळ्याला लावला नाही.

"काय उत्तर देणार आहेस?"

"खरं ते कळवायला हवं ना," मी म्हणाले. "नाहीतर खोटं होईल."

"होऊ दे," काका म्हणाले. "आजीला लिही, पहिली तुलाच मोजली."